पाकिटाची मागची बाजू

वाचता वाचता तिला ते वाक्य आधी ओळखीचं वाटलं, आणि मग ते आपलंच आहे हे कळलं. या दोन्हींच्या मध्ये फार तर एक श्वास गेला असेल, पण तेवढ्यात हातातली टोपली कलली आणि त्यातला एक कांदा घरंगळत जाऊन रांगेतल्या पुढच्या माणसाच्या बुटाला लागला. त्याने वाकून तो उचलून दिला. ती आभार मानायचं विसरली. तिच्या दुसऱ्या हातात शेळीच्या दुधाच्या पावडरचं पाकीट होतं. बऱ्याच दिवसांनी तिने ते फळीवर पाहिलं होतं आणि कशासाठी ते न ठरवताच उचललं होतं. रांगेत उभं राहिलं की समोर येईल ते वाचायचं, ही तिची जुनी खोड. पाकीट नव्या रंगाचं होतं, आणि मागच्या बाजूला चौकटीत बारीक अक्षरांत छापलं होतं: 'शेळीचं दूध मानी असतं. त्याला उकळी दाखवली, की ते वास दाखवतं.' पाकिटांवर असं कोणी लिहीत नाही. पाकिटांवर 'कोरड्या जागी ठेवावे' असं लिहितात, 'एकदा उघडल्यावर लवकर संपवावे' असं लिहितात. पाकिटाला कोणाच्या मानाचं काय पडलेलं असतं? ती झरझर खाली उतरत गेली. 'पावात घालायची असेल तर पाण्यात कालवू नये, कोरडीच पिठात मिसळावी.' तिचं. 'कस्टर्डला चव येते ती आच बंद केल्यानंतर.' तिचंच. तिच्या कानशिलांत गरम झालं. मागे एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. हिने मागे वळून पाकीट थोडं पुढे केलं, आणि 'हे मी लिहिलंय' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले. बाईने भुवया उंचावल्या. "रांग हीच ना?" तिने भलतंच विचारलं. "हीच," बाई म्हणाली, आणि मुलाचं नाक पुसू लागली.

घरी जाताना तिने नेहमीचा जवळचा रस्ता सोडला आणि लांबचा धरला, कारण हे घेऊन लगेच घरात शिरणं तिला जमेना. घरात आक्का होत्या. आक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, वय पंचाहत्तर, उजवं मनगट मोडल्यामुळे दोन महिन्यांपासून तिच्याकडे राहायला आलेल्या. प्लास्टर मागच्याच आठवड्यात निघालं होतं. घरात पाऊल टाकलं की आक्का पिशवीकडे बघणार, तोंडाकडे बघणार, आणि विचारणार, काय गं, काय झालं? काय झालं याचं उत्तर तिला स्वतःलाच अजून पुरतं देता येत नव्हतं. रस्त्याच्या कडेला छत्र्या दुरुस्त करणारा माणूस एक काडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहत होता. ती त्याच्यासमोर उगाच थांबली. पिशवीतलं पाकीट पायाला लागत होतं. अडीच वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने कंपनीला अकरा पानी पत्र लिहिलं होतं. त्यावर कंपनीकडून आभाराचं एक छापील कार्ड आलं होतं आणि पावडरची दोन पाकिटं. पत्र कोणी वाचलं असेल असं कार्डावरून तरी वाटत नव्हतं. पाकिटं तिने वापरली, कार्ड पुस्तकात खूण म्हणून घातलं, आणि पुढे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता तोच राहिला नाही, तेव्हा ते पत्रही तिच्या मनातून गेलं.

तिने चौतीस वर्षं शहराच्या पाणी खात्यात, प्रयोगशाळेत काढली होती. बाटल्या यायच्या, बाटल्यांवर फक्त आकडे असायचे. पाणी कुठल्या भागातलं, कोणाच्या नळाचं, हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही असा नियम होता, कारण कळलं की मन कलतं. नाव नसलं की निकाल खरा येतो. सहकारी तिला 'थेंबबाई' म्हणायचे. एका थेंबाचा फरक आला तरी ती पूर्ण तपासणी पुन्हा करायची, आणि जेवणाची सुट्टी झाली तरी हातातली नळी खाली ठेवायची नाही. एका वर्षी शहरात पोटाचा आजार पसरला तेव्हा लोकांना वाटायला सूचनेची चिठ्ठी काढायची ठरली. वरून जो मसुदा आला तो चौदा ओळींचा होता, आणि त्यात 'नागरिकांनी' हा शब्द पाच वेळा होता. तिने तो हातात घेतला आणि कोणी सांगितलं नसताना खाली लिहिलं: 'पाणी उकळा. झाका. गार झालं की प्या.' साहेब म्हणाले, हे फारच साधं झालं. ती म्हणाली, ताप आलेल्या माणसाला साधंच वाचता येतं. चिठ्ठी तशीच निघाली, आणि प्रत्येक जिन्यात, प्रत्येक दवाखान्यात, शाळेच्या फाटकावर चिकटली. एकदा परक्याच इमारतीत जिना चढत असताना तिने पाहिलं, एक मुलगी आपल्या आजीला ती चिठ्ठी वाचून दाखवत होती, एकेका शब्दावर बोट ठेवून. ती दोन पायऱ्या खाली थांबून राहिली होती. त्या दिवशी छातीत जे भरून आलं होतं त्याला काय म्हणायचं हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला होता, "खाली नाव का नाही टाकलंस?" तो नकाशे काढायचा. त्याच्या प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत त्याची सही असायची, आणि ती दिसली नाही तर तो भिंग घेऊन शोधून दाखवायचा. तिला त्या सहीचं हसू यायचं. चिठ्ठीच्या खाली कोणी नाव टाकतं का?

स्वयंपाकाच्या बाबतीत मात्र तिचं नाव झालं होतं, आणि ते चांगलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आक्का घरी आल्या होत्या आणि त्यांनी तिला भाताचं पाणी मोजपात्रात मोजताना पाहिलं होतं. आक्का हसल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. त्यांनी शांतपणे भात खाल्ला, हात धुतले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "हिच्या हाताला चव नाही, हिच्या हाताला आकडे आहेत." म्हणण्यात वाईट हेतू नव्हता, वाक्य मात्र जमून गेलेलं होतं, आणि जमून गेलेलं वाक्य घरात एकदा शिरलं की म्हाताऱ्या मांजरासारखं हलत नाही. पुढे प्रत्येक समारंभात कोणी ना कोणी ते काढायचं, सगळे हसायचे, तीही हसायची. आक्कांच्या हाताची गोष्टच वेगळी. आक्का मीठ बघायच्यासुद्धा नाहीत. बोलता बोलता त्यांचा हात डब्यात जायचा, बाहेर यायचा, आणि जेवढं हवं तेवढंच पडायचं. तिला कधी त्या हाताचा हेवा वाटायचा, कधी त्याचं विज्ञान समजून घ्यावंसं वाटायचं. तिने एकदा आक्कांच्या चिमटीतलं मीठ चोरून काट्यावर मोजलंही होतं. पाच वेळांत अर्ध्या ग्रॅमचासुद्धा फरक नव्हता. हे तिने कोणाला सांगितलं नाही. आक्कांच्या हातालाही आकडेच होते, फक्त ते आक्कांना माहीत नव्हते.

मग नवऱ्याचं आजारपण आलं. शेवटच्या वर्षात त्याला कशालाच चव लागेना. सगळं पत्र्यासारखं लागतं, म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, जे मागतील ते द्या. आक्का दर आठवड्याला दोन बस बदलून डबे घेऊन यायच्या. त्यांच्या हातचं तो लहानपणी जे जे आवडीने खायचा ते सगळं त्या डब्यांत असायचं. तो हसून एक घास घ्यायचा, दुसरा घ्यायचा, आणि आक्का पाणी आणायला उठल्या की उरलेलं बशीखाली सरकवायचा. आक्का रिकामे डबे घेऊन उतरायच्या तेव्हा ती खिडकीतून त्यांची पाठ बघायची. एका दुपारी तो डोळे मिटूनच म्हणाला, "आमच्या घरी शेळ्या होत्या. आक्का पिळायची. सगळ्यात तेच दूध." तेवढंच. मागितलं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्याजवळच्या दुकानात ते पाकीट पाहिलं. शेळी तिने जवळून कधी पाहिलेलीही नव्हती. पाकिटावर लिहिलं होतं की पावडर उकळत्या पाण्यात टाकून ढवळावी. तिने तशी केली, तर गुठळ्या झाल्या आणि घरभर असा वास सुटला की शेजारचं दार लागलं. नवऱ्याने नाक वर केलं, आणि कित्येक आठवड्यांनी त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. "बोकड आला वाटतं," तो म्हणाला.

त्या एका हसण्यावर तिने पुढचे आठ महिने काढले. तिने वही सुरू केली. डावीकडे काय केलं, उजवीकडे काय झालं. स्वयंपाकघरात तापमापी आली, निवृत्त होताना सहकाऱ्यांनी भेट दिलेला छोटा वजनकाटा आला. पाणी कोमट हवं, बोट सहज ठेवता येईल इतपत. पावडर थोड्या पाण्यात आधी दाट खळीसारखी कालवून तिचं लापट करायचं आणि मग तिला एकटं सोडायचं. दाणा आतपर्यंत भिजायला वेळ लागतो. तीन मिनिटांनी बघितलं, पाच मिनिटांनी, सातांनी, दहांनी. दहाव्या मिनिटाला लापट चमच्यावरून रेशमासारखं सुटायचं. बटाट्याच्या सुपात ते अगदी शेवटी घालायचं, भांडं विस्तवावरून उतरवून. आंबट फळाबरोबर नको, फाटतं. भाजलेल्या भोपळ्याबरोबर मात्र त्याचं असं जमतं की दोघं एकाच घरात वाढले असावेत. ओटच्या लापशीत साखरेऐवजी खजूर, कारण या दुधात मुळातच थोडा खारटपणा असतो आणि त्याला उघड गोड आवडत नाही. पांढऱ्या सॉसमध्ये जायफळ नखभर. तिचा पहिला पाव वीट झाला, दुसरा उशी झाला, पाचवा पाव झाला. तो बशी पुसून खायचा. कधी दोन वाट्या सूप. खाताना तो बोलायचा, आणि बोलता बोलता त्याच्या लहानपणातल्या शेळ्या एकेक करून स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहायच्या: एक लंगडी, एक चोरटी, एक जी फक्त आक्कांच्याच हाताला दूध द्यायची. आक्कांना हे कधी सांगितलं नाही. सांगणार काय? तुमच्या डब्यातलं तो बशीखाली सरकवतो आणि माझं चाटून पुसून खातो? एवढं मोठं यश तिला आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि ते झाकून ठेवावं लागत होतं. कदाचित म्हणूनच एके दिवशी तिने कागद ओढला आणि कंपनीला लिहिलं की तुमच्या पाकिटावरची कृती साफ चुकीची आहे, बरोबर कृती सोबत जोडली आहे, आणि लिहिता लिहिता अकरा पानं झाली.

ती घरी पोहोचली तेव्हा आक्का खिडकीशी बसून रबरी चेंडू दाबत होत्या. मनगटाला ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. पंचवीस वेळा दाबायचा होता, आक्का अठराला थांबून हात झटकत होत्या. उशीर का झाला असं त्यांनी विचारलं, तिने रांग होती म्हणून सांगितलं, आणि पिशवीतलं सामान काढताना पाकीट टेबलावर ठेवलं. ठेवताना मागची बाजू वर राहिली. ती तशी आपोआप राहिली असं तिने स्वतःला सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला कधी जमलेलं नव्हतं, पण आज ती लपवत होती की दाखवत होती, हेच तिला ठरवता येईना. आक्कांनी पाकीट उचललं, चष्म्यावर भिंग धरलं आणि ओठ हलवत वाचायला लागल्या. ती ओट्याशी उभी राहून कांदे एका रांगेत लावत होती. तिच्या पाठीची भिंत झाली होती आणि त्या भिंतीला कान फुटले होते.

"शहाणा आहे," आक्का अखेर म्हणाल्या.

"कोण?"

"ज्याने लिहिलंय तो. हा माणूस शेळ्यांत वाढलेला आहे. दूध मानी असतं म्हणतोय. हे बाजारात बसून सुचत नाही, त्याला धारेला बसावं लागतं." मग त्यांनी पाकीट तिच्यापुढे केलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "वाच. तुझ्यासारख्या मोजून मापून करणारीलासुद्धा जमेल असं लिहिलंय."

आता सांगायला काय हरकत होती? पण तिने पाकीट हातात घेतलं, 'बरं' म्हणाली, आणि सांगितलं नाही. का नाही सांगितलं हे तिला दुपारभर उलगडत गेलं. सांगितलं असतं तर आक्का हसल्या असत्या, चांगलं झालं म्हणाल्या असत्या, कौतुकही केलं असतं, आणि त्या कौतुकात भावजयीचं कौतुक, विधवेचं कौतुक, ज्या घरात आपण राहतो त्या घरधनिणीचं कौतुक असं सगळं मिसळलं असतं. आत्ता मिळालेलं होतं ते निर्भेळ होतं. बाटलीवर नाव नव्हतं. आक्कांच्या जिभेसारखी कडक परीक्षा, आणि त्या परीक्षेत ती नाव न सांगता उतरली होती. ती खोलीत जाऊन पलंगावर बसली, आणि कोणी बघत नसताना तिने एकदा आरशाकडे पाहून मान हलवली, साहेब सही करण्याआधी हलवायचे तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी पदर खोचला. मनगट मोडल्यापासून त्या स्वयंपाकघरात नुसत्या स्टुलावर बसत होत्या. आज त्यांनी तिलाच स्टुलावर बसवलं. पाकीट डब्याला टेकवून उभं केलं, पिठात पावडर कोरडीच मिसळली, आणि डाव्या हाताने मळत, उजव्याने नुसतं दाबत, पाव केला. तो फुगला, त्याला तांबूस रंग आला, आणि मोडला तेव्हा आतून वाफ निघाली. डोळे मिटून आक्कांनी वास घेतला. मग त्यांनी धाकटीला फोन लावला. धाकटी म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी, शिवणवर्ग चालवणारी. आक्का तिला सांगत होत्या की ते पाकीट आण आणि मागे लिहिलंय तसंच कर, अक्षर इकडचं तिकडे करू नकोस, लिहिणारा फार जाणता आहे. ती पावाचा तुकडा हातात धरून ऐकत होती. एवढा अभिमान एका वेळी पोटात मावत नाही, हे तिला त्रेसष्टाव्या वर्षी समजत होतं.

संध्याकाळी आक्कांनी सूप करायला घेतलं. ती गॅलरीत कपडे काढत होती. आतून भांड्यांचे आवाज येत होते, मग ते थांबले. मग पाण्याचा आवाज आला, मोठा, नळ पूर्ण सोडल्यावर येतो तसा. ती आत आली तेव्हा आक्का भांडं घासत होत्या. मोरीच्या जाळीवर बटाट्याचा लगदा अडकला होता आणि त्यात पांढरे दाणे होते, साबुदाण्याएवढे. आक्का वळल्या नाहीत. भूक नाही, म्हणाल्या. भांडं पालथं घातलं, हात पुसले, जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजल्या. बाहेर अजून उजेड होता. तिने दोनदा विचारलं, काय झालं. दुसऱ्या वेळी उत्तर आलं, तेही भिंतीला: "हात गेला माझा."

दुसऱ्या दिवशी आक्का स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. चेंडू खिडकीत पडून होता. चहा दिला तर घेतला, पाव दिला तर नको म्हणाल्या. दहाच्या सुमारास त्या अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तशा म्हणाल्या, की इतकं स्वच्छ लिहिलेलं असूनही ज्याला जमत नाही त्याने आता ओट्यापाशी जाऊ नये. हाड जुळलं, पण हात जुळला नाही. मग त्यांनी आपला उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या जुन्या नोकराला निरोप देताना पाहतात. ते बघून तिला सगळ्यांत आधी वाटली ती भीती. आपली कृती चुकली? आठ महिने, एक वही, शेकडो नोंदी, आणि चुकली? ती स्वयंपाकघरात गेली, पाकीट उचललं आणि पहिल्यांदाच ते आकड्यांसाठी वाचलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: 'लापट कालवून दोन मिनिटे ठेवावे.' दोन. तिने कपाटातून पत्राची कार्बन प्रत काढली. चौथ्या पानावर तिच्याच अक्षरात होतं: दहा. छापणाऱ्याने दहाचे दोन केले होते. चुकून, की दहा मिनिटं थांबायला कोण तयार होईल या हिशेबाने, कोण जाणे. आणि तिने दुकानात, रस्त्यात, घरात, चार वेळा तरी ती बाजू वाचली होती, पण आपली वाक्यं चाखत, आरशात पाहावं तशी. चौतीस वर्षांत एक कागद न तपासता जिने पुढे सरकवला नाही, तिने स्वतःचं छापलेलं पाहिलं आणि आकडा पाहिला नाही. ती ओट्याला धरून उभी राहिली. कानशिलं पुन्हा गरम झाली होती, पण ही ऊब वेगळी होती.

बाटलीवर नाव घालायचं नसेल तर आत्ताही मार्ग होता. 'पाकिटावर चुकलं असेल' एवढं म्हणता आलं असतं. पण आक्का ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी त्या न पाहिलेल्या जाणत्या माणसावर विश्वास टाकला होता, आणि त्याच्यापुढे स्वतःचा हात खोटा ठरवला होता. तो माणूस समोर येऊन बोलल्याशिवाय हा निकाल बदलणार नव्हता. ती पाकीट आणि कार्बन प्रत दोन्ही घेऊन बाहेर आली आणि आक्कांच्या शेजारी बसली.

"आक्का, हात नाही गेला. दोन मिनिटं चूक आहे. दहा हवीत."

"तुला काय माहीत?"

"मीच लिहिलंय ते."

आक्कांनी तिच्याकडे पाहिलं, थट्टा करते आहे का ते तपासत. तिने पानं त्यांच्या मांडीवर ठेवली. आक्कांनी भिंग घेतलं. त्या सावकाश वाचत होत्या, एकेका ओळीवर बोट ठेवून, आणि मधूनच पाकिटाकडे बघून ताडून पाहत होत्या. मानी दूध आलं तिथे थांबल्या. भोपळ्यापाशी थांबल्या. सहाव्या पानावर तिने लिहिलं होतं: 'माझ्या यजमानांना हे सूप दोन वाट्या लागतं.' तिथे आक्कांचं बोट अडकलं ते हलेच ना. तिला ते वाक्य आठवत नव्हतं. आठवलं असतं तर तिने ते पान काढून ठेवलं असतं.

"बाबू खायचा?" आक्कांनी विचारलं. धाकट्या भावाला त्या बाबूच म्हणायच्या, तो साठ वर्षांचा झाला तरी.

"खायचा."

"दोन वाट्या?"

"कधी कधी भांडं पुसून."

आक्कांनी पानं जुळवून मांडीवर नीट ठेवली. "मला वाटायचं, त्याचं खाणंच संपलं," आक्का म्हणाल्या. "बशीखाली सरकवायचा ते मला दिसायचं. मी पाणी आणायच्या निमित्ताने मुद्दाम उठायचे, म्हणजे त्याला सरकवता यावं. घरी जाताना म्हणायचे, उपाशी चालला माझा भाऊ." त्यांचा आवाज कुठेही चढला नाही, फुटला नाही. तिला वाटलं होतं आक्का दुखावतील. आक्कांचा चेहरा मात्र उलगडत होता, आवळून बांधलेलं गाठोडं सुटावं तसा. "उपाशी नाही गेला," आक्का म्हणाल्या, एकदा तिला आणि एकदा स्वतःला. मग त्या पलंगाचा कठडा धरून उठल्या. "चल. सांग कसं करायचं ते. पाकिटाचं नको, तुझं सांग."

ती सांगत गेली आणि आक्का करत गेल्या. उभ्या आयुष्यात आक्कांनी ओट्यापाशी कोणाचं ऐकलं नसावं. त्या प्रत्येक पायरीला 'का' विचारत होत्या, आणि तिच्याकडे प्रत्येक 'का'चं उत्तर होतं. दाणा आतून भिजावा लागतो. आच लागली की स्निग्धांश सुटतो आणि वास वर येतो. तिला आपलाच आवाज नवा वाटत होता. तो प्रयोगशाळेतला होता, पण स्वयंपाकघरात कधी मोठ्याने आलेला नव्हता. दहा मिनिटं दोघी लापटाकडे बघत बसल्या. त्या वेळात आक्कांनी लंगड्या शेळीची गोष्ट सांगितली, आणि तिला ती माहीत आहे हे पाहून चोरटीची सांगायला घेतली, तर तीही माहीत निघाली. आक्का हसल्या, डोळे पुसून हसल्या. सूप गुळगुळीत झालं. आक्कांनी चव घेतली, बोलता बोलता हात डब्यात गेला, चिमूट पडली. नेमकी पडली. आक्कांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. खाताना त्यांनी फर्मावलं की कंपनीला उद्याच्या उद्या पत्र गेलं पाहिजे, चूक दाखवून, आणि खाली नाव मोठ्या अक्षरांत.

वाट्या अजून टेबलावर होत्या तेव्हा फोन वाजला. धाकटी होती. पलीकडचा आवाज इथवर ऐकू येत होता: सुपात दाणेच दाणे झाले, नवरा हसतोय, आक्का तू म्हणालीस म्हणून तंतोतंत केलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. आक्कांनी तिला पुरतं बोलू दिलं.

"तुझं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "छापणाऱ्याचं चुकलंय. थांब, जिने लिहिलंय तिलाच देते."

पलीकडून प्रश्न आला असावा.

"म्हणजे काय, कोण? आपली बाई आहे. बाबूची बायको." आणि आक्कांनी उजव्या हाताने फोन तिच्यापुढे धरला.

तिने हात पुसले, पाठ सरळ केली आणि फोन कानाला लावला.

"हां, बोल," ती म्हणाली. "आधी मला सांग, पाणी किती गरम घेतलं होतंस?"